नवऱ्याचं वेल्डिंग कापलं त्याची हकिकत

मी मोटार शिकले ती हौसेखातर, असं आमच्या नात्यातल्या बायका अजून सांगतात. सांगोत बापड्या. हौस करायला मला फुरसत कुठं होती? मी भिलाईत एका आरोग्य केंद्रावर मिडवाइफ होते. पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या भोवती मजुरांचे कॅम्प पसरत चालले होते. कॅम्पात, झोपड्यांत, कुरुदसारख्या आजूबाजूच्या गावांत रोज कुठं ना कुठं कोणीतरी बाळंत होत होती. बोलावणं यायचं ते धावत आलेल्या माणसाच्या तोंडून, आणि मी जायची ती छकड्यातून, सायकलवर मागं बसून, नाहीतर पायी.

नवरा वेल्डर. आम्ही दोघं नागपूरकडचे. सासरे दुर्ग लाइनवर रेल्वेत गँगमन होते, म्हणून हा मुलूख आम्हाला ऐकून माहीत होता. फर्नेसच्या बांधकामावर भरती सुरू झाली तशी नवऱ्याला नोकरी लागली, पाठोपाठ मला लागली, आणि कारखान्याच्या वसाहतीत एका सेक्टरमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. भिंतींना चुना नवा होता, नळाला पाणी यायचं होतं. आमच्या आईबापांना गावात पाणवठा वेगळा होता, इथं नळ आला की तो सगळ्यांचा एकच असणार होता. त्यामुळं नळ उशिरा आला तरी माझी तक्रार नव्हती.

मोटार आमच्याकडे आली ती योगायोगानं. एका ठेकेदाराचा इंजिनियर काम संपवून कलकत्त्याला परत निघाला. त्याची जुनी विलायती मोटार कडुनिंबाखाली पडून होती, चारही चाकं बसलेली, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. चालू करून दाखवशील तर घेऊन जा, असं तो नवऱ्याला म्हणाला. नवऱ्यानं एक अख्खा उन्हाळा तिच्यावर घातला आणि ती चालू केली. कोंबडीची अंडी फुटली नाहीत याचा त्याला जास्त अभिमान होता. त्यानं लायसन्स काढलं, आणि आमच्यात ठरलं की बोलावणं आलं की तो मला घेऊन जाईल.

ठरवताना आम्ही दोघंही त्याची पाळी विसरलो. पहिली पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन. बाळं काही दोन वाजून गेले का हे बघून येत नाहीत.

एका सकाळी कुरुदहून एक माणूस पळत आला. त्याची बायको आदल्या संध्याकाळपासून अडली होती आणि आता रक्त जात होतं. मोटार दारात उभी होती. किल्ली खिळ्याला होती. मी किल्ली काढली, बॅग उचलली आणि शेजारीपाजारी चालवणारा कोणी मिळतो का म्हणून दारोदार फिरले. पुरुष सगळे कामावर. कारखान्याच्या गेटवर गेले, तर तिथला शिपाई म्हणाला, तुमचा माणूस वर चढलेला आहे, खाली उतरवायला तास लागेल. शेवटी त्या माणसाच्या छकड्यातूनच गेले. पोचले तेव्हा ती नुकतीच गेली होती. अंग गरम होतं. मूल पोटातच राहिलं. मी तिचे डोळे मिटायला हात पुढं केला, तर मुठीत मोटारीची किल्ली होती. तळहातावर तिचा वळ उठला होता.

मला रडू आलं नाही. मला स्वतःचा असा राग आला की दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, "मले गाडी शिकवा."

तो भाकरी खात होता. घास न थांबवता म्हणाला, "शिकवतो. त्यात काय हाय?"

एवढं त्याचं मी कधीही मान्य करते. त्यानं एका शब्दानंही अडवलं नाही. तेव्हाच्या भिलाईत रस्ते आधी झाले आणि माणसं मागून आली, त्यामुळं शिकायला रुंद, सरळ, रिकामे रस्ते होते. एखादी म्हैस आडवी आली तर येई. दोन महिन्यांत मी गिअर बदलताना खाली बघायची थांबले. आता फक्त लायसन्स हवं होतं. ते मिळालं की पाळी कोणाचीही असो, मी माझी जाऊ शकणार होते.

परीक्षा घेणारे साहेब ठरावीक दिवशी दुर्गला यायचे. मी दगडांमधून आठचा आकडा काढला, मागं घेतली, चढावर थांबवून पुन्हा काढली. एकदाही बंद पडू दिली नाही. पण मोटारीचा सायलेन्सर सडून चाळणी झाला होता. तिच्या आवाजानं कचेरीच्या कौलांवरची कबुतरं उडाली. साहेब कानावर हात ठेवून उभे होते. मी उतरले तसे म्हणाले, "इस आवाज़ में पास नहीं होगा। पंद्रह दिन बाद आइए। और किसी मर्द से ठीक करवा के लाइए।"

"अब तक मर्दों ने ही चलाई है, साहब," मी म्हटलं.

नवरा शेजारी उभा राहून हसला. साहेब हसले नाहीत.

सायलेन्सर म्हणजे काही मोठी गोष्ट नसते. इंजिनातून निघालेली नळी, मध्ये एक लांबट डबा, आणि डब्यातून मागं निघणारी दुसरी नळी. आवाज डब्यात शिरतो आणि मरतो. पण आमच्या गाडीचा डबा कुठं मिळेना. दुर्गच्या मिस्त्रीनं सांगितलं, ही गाडी बनवणारेही आता विसरले असतील, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा आणा आणि बसवून घ्या, माझ्याकडे महिनाभर हात रिकामा नाही. मग मीच पॅसेंजरनं रायपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेले. नळीचा घेर मापून नेला होता, बाळाच्या डोक्याचा घेर मापायच्या टेपनं. दुकानदार विचारायला लागला, दीड इंची की पावणेदोन? तो व्यास विचारत होता, माझ्याकडे तर घेर होता, पावणेपाच इंच. मी बाकड्यावर खडूनं भागाकार मांडला आणि म्हटलं, दीड. त्यानं टेप बघितली, काय मापायची ते ओळखलं, आणि बायकोला दाखवायला आत घेऊन गेला. डबा दिला तो आमच्यापेक्षा मोठ्या गाडीचा होता, जुन्या डब्याहून वीतभर लांब आणि चांगलाच जड. मांडीवर घेऊन मी भिलाईला आले.

"आता तू हात नको लावू," नवरा म्हणाला. "हे माहं काम हाय."

रविवारी सुपेल्याच्या बाजारातून त्यानं एक दिवसापुरता गॅसचा संच उसना आणला. त्याच्या वेल्डिंगबद्दल मला वाकडा शब्द बोलायचा नाही. तेव्हा भिलाईत हजारभर वेल्डर असतील, पण त्याचा जोड बघायला लोक थांबत. एकसारखे, एकावर एक बसलेले खवले, जसे मासळीच्या पोटावर असतात. त्यानं नळी डब्याला जोडली. डब्याला दोन अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्ट्या, जोडले आणि अँगल वर गाडीच्या सांगाड्याला, चॅसिसला, पक्के जोडून टाकले. मग डब्यावर लाथ मारून दाखवली. गाडी हलली, डबा हलला नाही.

"फर्नेस पडन," तो म्हणाला, "पन हे नाई पडत."

आवाज खरंच गेला. पण दुसरंच काहीतरी सुरू झालं. इंजिन चालू केलं की सगळी गाडी आतून गुणगुणायची. स्टिअरिंग हाताला मुंग्या आणायचं, सीट कमरेला. मी सांगितलं तर म्हणाला, नवीन हाय, बसन. मी रोज संध्याकाळी सराव करत होते. पाचव्या दिवशी बाजाराच्या वळणावर खालून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि गाडी पहिल्याहून दुप्पट बोंबलायला लागली. घरी आणून खाली बघितलं. इंजिनाजवळ नळीला तडा गेला होता, अर्ध्या घेराचा. जोड मात्र जसेच्या तसे. तोच मुद्दा नवऱ्यानं मला तीन वेळा सांगितला. जोड नाई तुटला, नळी तुटली, नळीच खराब होती.

तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला आणि मी एक मूर्खपणा केला. तो लपवायचा असता तर मी हे लिहायलाच बसले नसते. केंद्रावर मुदत संपलेले प्लास्टरचे रोल फेकायला काढले होते. डॉक्टरीणबाईंना विचारून त्यातले दोन घेतले. हाड मोडलं तर काय करतात? प्लास्टर घालतात. मी पाण्यात भिजवून तड्यावर सहा वेढे इतके सुबक दिले की कुठल्याही वॉर्डात सिस्टरनं शाबासकी दिली असती. सुकेपर्यंत थांबले. चालू केली, अगदी शांत. मी खूश होऊन दोन सेक्टर फिरून आले. नळी तापली तसं प्लास्टर आधी काळं पडलं, मग त्याची खडी झाली, आणि मग माझ्या मागं रस्ताभर पांढरा भुगा. आमच्या ओळीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघून हात केला आणि तशीच गर्जत घरापर्यंत आले.

पण त्या फजितीतून माझं डोकं ठिकाणावर आलं. प्लास्टरची आठवण निघाली म्हणून नागपूरचा वॉर्ड आठवला, जिथं मी शिकले. मांडीचं हाड मोडलेले रोगी तिथं असायचे. त्यांचा पाय पलंगाला बांधून ठेवत नसत. झोळीत टांगून ठेवत. रोगी खोकला, कुशीवर झाला, हसला, की पाय झोळीसकट थोडा हलायचा आणि हाडाला झटका बसायचा नाही. मी बॉनेट उघडून इंजिन चालू केलं आणि नुसती बघत उभी राहिले. इंजिन जागच्या जागी हलत होतं, चालू होताना आणि बंद होताना तर चांगलंच डोलत होतं. त्याला रबरावर बसवलेलं होतं, म्हणजे बनवणाऱ्यांनी हलू द्यायचं ठरवूनच बसवलं होतं. आणि नवऱ्यानं त्याची शेपटी चॅसिसला जखडून ठेवली होती. इंजिन हलणार, डबा हलणार नाही. मधली नळी बिचारी काय करणार?

संध्याकाळी मी हे त्याला सांगितलं.

"तू नर्स हायेस का मिस्त्री?" तो म्हणाला.

"नर्स हाय. म्हनूनच सांगून राहिले. काय कावून मोडते ते मले समजते."

"मंग काय करू? दोरीनं बांधू?"

"दोरीनं नाई, रबरानं. टांगून ठेवा. थोडं हलू द्या."

त्याला ते लागलं. त्याच्या बाजूनं बघितलं तर मला कळतं. त्याचं सगळं काम उभ्या लोखंडाचं. शंभर फुटांवर लटकून तो जे जोडायचा त्यावर उद्या माणसं चालणार होती. त्याच्या कामात जे हलतं ते चुकलेलं. लोंबकळणारं काम म्हणजे वेल्डरची बेइज्जती. तो ताटावरून उठताना म्हणाला, "तडा मी भरून देतो. पन माह्या वेल्डिंगले हात लावू नको." दारातून पुन्हा वळून तेच बोलला. मी काही बोलले नाही. घरातली माणसं माझ्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असा लावतात, त्याला माझा इलाज नाही.

परीक्षेला तीन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी तो पहाटे पहिल्या पाळीला गेला आणि माझी सुट्टी होती.

मोटारीखाली शिरायचं कसं, हा प्रश्न भिलाईनं सोडवला. आमच्या ओळीसमोर पाण्याच्या पाइपासाठी लांबलचक नाली खणून ठेवली होती, खांद्याएवढी खोल, दीड हात रुंद. पाइप यायचे होते. मी नालीच्या दोन्ही बाजूंना फळ्या टाकल्या आणि दोन चाकं इकडं, दोन तिकडं अशी गाडी वर नेऊन उभी केली. त्या दोन मिनिटांत जेवढा घाम आला तेवढा परीक्षेतही आला नाही. मग हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या, साडीचा काचा मारला आणि लोखंड कापायची आरी घेऊन नालीत उतरले.

आणि खाली उभी राहिल्याबरोबर मला दिसले ते हूक. जुना डबा जिथं होता तिथं, चॅसिसच्या बाजूला, चिखलानं माखलेले दोन छोटे हूक. बोटानं खरवडलं तर त्यांना सडक्या रबराचे तुकडे चिकटलेले होते. गाडी बनवणाऱ्यांनीही डबा टांगलाच होता! नवऱ्यानं ते कचरा समजून सोडून दिले होते. मी नालीत एकटीच मोठ्यानं हसले. कोणी ऐकलं असेल तर ऐको.

खालचे जोड डब्याचे होते. तिथं आरी लावली असती तर पत्रा फाटला असता. कापायचं होतं ते वर, चॅसिसपाशी, नेमक्या त्या मासळीच्या खवल्यांवर. मी आरी लावली. पहिल्या ओढीला हात अडखळला, खोटं कशाला बोलू? इतकं देखणं काम होतं ते, आणि तो माणूस वाईट नव्हता. मग मुठीतली किल्ली आठवली आणि मी ओढायला लागले. लोखंडाचा भुसा डोळ्यांत, तोंडात, झंपरात. दोन पाती मोडली. एक जोड सुटायला तास लागला. त्याचं वेल्डिंग किती पक्कं आहे हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही.

नालीवर काम करणाऱ्या मजूर बायका तोवर दुपारचं बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, खायला सावलीत बसल्या होत्या. आपल्या नालीत मोटार आणि मोटारीखाली नर्सबाई बघून त्या ताटल्या घेऊन जवळच आल्या. दुसरा जोड सुटायला आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो सुटला की एवढा जड डबा खाली येणार आणि तडा गेलेली नळी पुरती मोडणार. मला दोन हात, त्यातल्या एकात आरी. मी वर बघून म्हटलं, "कोई पकड़ेगा क्या?"

त्यांच्यातली एक थोराड बाई ताटली ठेवून खाली उतरली. डब्याकडे बघितलं, दोन्ही हातांनी वजनाचा अंदाज घेतला आणि हात सोडून दिले. कमरेची चुंबळ काढून डोक्यावर ठेवली, गुडघे वाकवून डब्याखाली गेली आणि डबा डोक्यावर घेऊन उभी राहिली. दिवसभर विटा नि मातीचा गारा वाहणारी मान ती. मला म्हणाली, "काट ना बाई, मैं ठाढ़े हौं." म्हणजे, काप तू, मी उभी आहे.

मी कापलं. डबा तिच्या डोक्यावर बसला आणि तसूभरही खाली आला नाही. बाजारात टायरच्या चपला करणाऱ्या चांभाराकडून मी टायरचे दोन पट्टे कापून, भोकं पाडून आणले होते. पट्ट्याचं एक टोक हुकात अडकवलं, दुसरं अँगलला बोल्टनं आवळलं. नवऱ्यानं आणलेल्या अँगलला आधीपासून भोकं होती, हे नशीब. दोन्ही पट्टे बसल्यावर ती हळूच गुडघ्यात वाकली आणि डोकं बाजूला घेतलं. डबा टांगलेला राहिला. तिनं बोटानं ढकलला, तो पाळण्यासारखा जरा हलला आणि थांबला. वरून बाकीच्या बायका हसल्या. ती वर चढून उरलेलं बासी खायला बसली.

अडीचला नवरा आला. सायकल टेकवली आणि नालीकडं आला. मी अजून खालीच होते, नखांत काळं, केसांत माती. त्यानं वाकून बघितलं. चॅसिसवर त्याच्या जोडाचे कापलेले खुंट चमकत होते.

"काय केलं वं हे?"

"कापलं. आन् हे पाहा." मी सडक्या रबराचा तुकडा वर केला. "बनवनाऱ्यानंबी टांगलंच होतं."

त्यानं तुकडा घेतला नाही. घरात गेला. मी जेवायला हाक मारली, आला नाही. संध्याकाळपर्यंत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण पुन्हा तशीच वेळ आली असती तर मी पुन्हा कापलं असतं, आणि हे मी त्याला तेव्हाच सांगितलं.

"तडा मले भरता नाई येत," मी म्हटलं. "तो तुमी भरा. तेवढाच. बाकी कुटंबी हात नाई लावायचा."

त्यानं भिंतीवरचा चुना नखानं खरवडला. मग भिंतीकडं बघतच म्हणाला, "म्हंजे आता मी तुह्या हाताखाली?"

"हाव," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून येताना तो सुपेल्यातून गॅसचा संच घेऊन आला. न बोलता नालीत उतरला, तडा भरला आणि वर आला. बाकी कुठंही हात लावला नाही. तेही वेल्डिंग देखणंच होतं.

परीक्षेच्या दिवशी मी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्या वेळची पांढरी साडी नेसले. लायसन्सवाला शेजारी बसल्याशिवाय साहेबांपुढं गाडी न्यायची नव्हती, म्हणून तो बसला, पण दुर्गपर्यंत एक शब्द बोलला नाही. मोटार मात्र सुतासारखी चालली. स्टिअरिंग हाताला लागत नव्हतं, सीट गुणगुणत नव्हती. कचेरीच्या आवारात शिरले तर कबुतरं जागची हलली नाहीत. साहेब बाहेर आले, गाडीभोवती फिरले, वाकून खाली बघितलं.

"किसने लगाया?"

"मैंने।"

त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. नवरा दुसरीकडं बघत होता. साहेबांनी पुन्हा सगळं करून घेतलं, आठचा आकडा, मागं घेणं, चढ, आणि कारण नसताना आठचा आकडा आणखी एकदा. चूक सापडली नाही. मग टेबलाशी बसून कागद भरला आणि माझ्यापुढं सरकवला. मी वाचला. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली होती. पति साथ हों, तभी चलाएँ।

 मी कागद परत सरकवला.

"साहब, ये लाइन काटिए।"

"आपके भले के लिए है।"

"मेरे भले के लिए नहीं चाहिए लायसन," मी म्हटलं, आणि मग माझं हिंदी संपलं आणि मी मराठीतच बोलत सुटले. कुरुदची ती बाई सांगितली. गाडी दारात होती, किल्ली माझ्या हातात होती, आणि नवरा फर्नेसवर होता, हे सांगितलं. नवरा शेजारी असता तर मला लायसन्स कशाला लागतं? तो असतो तेव्हा तोच चालवतो. तो नसतो तेव्हा बायका मरतात. हे सांगताना माझा आवाज चढला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी पुसलं नाही. रांगेतले ट्रकवाले पुढं सरकून ऐकत होते. ओळ खोडल्याशिवाय इथून हलणार नाही, असं म्हणून मी टेबलासमोर उभी राहिले.

साहेब माझ्याशी बोलायचे थांबले. त्यांनी मान वळवून नवऱ्याला विचारलं, "आप बताइए। आपको मंज़ूर है, ये अकेली घूमे?"

दोन दिवस न बोललेला माणूस. त्याला सूड घ्यायचा असता तर ती वेळ होती. मी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"मले कायले विचारता, साहेब?" तो म्हणाला. "तिनं माही वेल्डिंग कापून टाकली. तवा मले कुटं विचारलं होतं?"

पहिल्यांदा एक ट्रकवाला हसला, मग सगळेच. साहेबांना मराठी किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी टाक उचलला आणि ती ओळ इतक्या जोरानं खोडली की कागद तिथं फाटला. मी सही केली आणि कागद पोलक्यात ठेवला.

परत येताना रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत तो तिच्या डब्यांकडं बघत होता. मग म्हणाला, "सांगून कापाची होती."

"सांगितलं असतं तर कापू दिली असती?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "नाई," तो म्हणाला. फाटक उघडलं आणि मी गाडी काढली.

चार दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला कॅम्पातून एक म्हातारी धापा टाकत आली. तिची सून अडली होती, मूल पायाकडून येत होतं. नवरा पहिल्या पाळीला. मी बॅग मागं टाकली, म्हातारीला पुढं बसवलं आणि निघाले. वाटेत ती दोन्ही हातांनी दार धरून बसली होती आणि सारखी मागं वळून बघत होती, गाडी चालवणारा माणूस कुठं बसलाय म्हणून. मी पोचले तेव्हा सून जिवंत होती. ओरडत होती, मला शिव्या देत होती, नवऱ्याला देत होती. दुपारी मुलगी झाली, आधी पाय आणि मग एकदम सगळीच. मी दोघींना गाडीत घालून केंद्रावर आणलं तेव्हा पाळी सुटायला, दोन वाजायला, अजून पाव तास होता.